दिव्यांग स्त्री आणि स्तन-आरोग्यसेवा : धोरणाची एक चिकित्सा

प्रस्तावना :
आंबेगाव तालुक्यातील पारगाव हे भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित असलेले गाव. अशा ग्रामीण भागातील दिव्यांग स्त्रीला स्तन-तपासणी कितपत सुलभ होऊ शकते, या प्रश्नाच्या अनुषंगाने शासकीय धोरणाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती असून त्यांपैकी १.१८ कोटी स्त्रिया आहेत.

धोरणाची मांडणी :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ नुसार रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश व उपचारांत अग्रक्रम अभिप्रेत आहे. त्याच वर्षी केंद्र शासनाने ३० वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी स्तन-तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार ३० ते ४९ वयोगटातील केवळ ०.९ टक्के स्त्रियांची अशी तपासणी कधी तरी झाली होती.

चिकित्सा :
'आधी सेवा सर्वांपर्यंत पोहोचू द्या, दिव्यांगांचे नंतर पाहू' हा युक्तिवाद येथे संभवतो. तो स्वीकारार्ह नाही. कारण सेवेची घडी एकदा बसल्यावर तिच्यातील अडथळेही पक्के होतात. 'आशा' सेविका घरोघरी भरून घेते त्या यादीत स्तनातील गाठीविषयी प्रश्न आहे, तशीच अपंगत्वाचीही नोंद आहे. म्हणजे यंत्रणेला ही स्त्री दिसते. परंतु उपकेंद्र गाठणे, तपासणीच्या उंच टेबलावर चढणे हे तिच्या घरच्यांच्या सवडीवर राहिले, तर ती नोंद कागदापुरतीच उरते. कर्णबधिर स्त्रीला तर सासू वा पती यांच्या मध्यस्थीने आपल्या शरीराविषयी बोलावे लागते; तेथे खाजगीपणाच संपतो.

यावर उपाय खर्चिकच असतो असे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी केली. तीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व वयोगट मिळून मृत्यूंतील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. मात्र ५० वर्षांवरील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ज्या तपासणीला यंत्र लागत नाही, ती घरीही होऊ शकते. शिवाय जर्मनीत सुरू झालेल्या व दिल्लीतही राबविलेल्या उपक्रमात दृष्टिहीन स्त्रियांनाच स्पर्शाने स्तन-तपासणी करण्याचे प्रशिक्षण दिले गेले. दिव्यांग स्त्री ही केवळ लाभार्थी नव्हे, हे त्यातून सिद्ध होते.

समारोप :
अपंगत्वाच्या नोंदीवरून तपासणीची जागा व पद्धत ठरावी, आणि गाठ आढळल्यास पारगावहून मंचर वा पुण्यापर्यंतच्या प्रवासाची जबाबदारी यंत्रणेने घ्यावी. त्यावाचून कलम २५ मधील हक्क व्यवहारात उतरणार नाही.