धनंजयराव गाडगीळ यांचा नियोजनविचार

साहित्यसंस्थेच्या नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञाच्या ग्रंथांचा परामर्श घेणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु जी भाषा केवळ काव्य-कादंबऱ्यांची चिकित्सा करते आणि विचारग्रंथ परभाषेच्या स्वाधीन करून मोकळी होते, ती पुढे विचार करण्याच्या कामी अपुरी पडू लागते, असे आम्हांस वाटते. धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१-१९७१) यांच्या बाबतीत काहीसे असेच झाले आहे. त्यांचे प्रमुख ग्रंथ इंग्रजीत आहेत. परिणामी सर्वसामान्य मराठी वाचकास ते प्रवरानगरच्या साखर कारखान्यामुळे किंवा 'गाडगीळ सूत्रा'मुळे नावाने परिचित आहेत. त्यांच्या विचाराचा गाभा मात्र अपरिचितच राहिला आहे.

या लेखास निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे. वर्गात पंचवार्षिक योजनांचा धडा चालू असता, ज्याच्या घरी चार यंत्रमाग आहेत अशा एका मुलाने विचारले, "सर, योजना सरकार करते, मग सुताचा भाव कोण ठरवतो?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नव्हते, आणि आमच्याजवळही ते तयार नव्हते. गाडगीळांचे लेखन पुन्हा वाचताना ध्यानात आले की, मुलाचा प्रश्न आणि गाडगीळांचा आयुष्यभराचा प्रश्न हे एकच आहेत.

या प्रश्नाची पूर्वपीठिका युरोपातील आहे. १९२० साली लुडविग फॉन मिझेस यांनी असा आक्षेप घेतला की, उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची झाली की त्यांचा बाजार उरत नाही. बाजार नाही म्हणून किमती नाहीत. आणि किमती नाहीत म्हणून कोणते काम परवडते याचा हिशेबच करता येत नाही. १९३६-३७ मध्ये पोलंडचे ऑस्कर लांगे यांनी त्यास उत्तर दिले. मध्यवर्ती मंडळाने किमती जाहीर कराव्यात, माल तुटला तर त्या वाढवाव्यात, साचला तर उतरवाव्यात; कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी त्या किमती प्रमाण मानून उत्पादन करावे, म्हणजे मालकी समाजाची राहून हिशेब बाजाराचा होईल. यालाच बाजार-समाजवाद म्हणतात. हायेक यांचे प्रत्युत्तर असे की, हिशेबास लागणारे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते; ते कोणत्याही मंडळाच्या टेबलावर एकत्र येऊ शकत नाही.

गाडगीळांचा भर या सैद्धान्तिक वादावर नाही. केंब्रिज येथील अभ्यासातून १९२४ साली सिद्ध झालेल्या 'द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स' या ग्रंथापासून त्यांची दृष्टी इतिहासकाराची आहे. प्रथम देशात प्रत्यक्ष काय चालले आहे ते पाहावे आणि मग सिद्धान्ताकडे वळावे, ही त्यांची रीत. १९३० मध्ये पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. तेथील पाहण्यांतही हीच रीत दिसते. १९४७ साली नेमलेल्या वस्तुमूल्य मंडळावर ए. डी. गोरवाला यांच्यासह त्यांनी काम केले. त्या वर्षाच्या अखेरीस नियंत्रणे उठविण्यात आली, भाव भडकले, आणि १९४८ मध्ये अन्नधान्य व कापड यांवरील नियंत्रणे पुन्हा आणावी लागली. हा अनुभव त्यांच्या पुढील लेखनामागे सतत उभा आहे.

१९६१ चा 'प्लॅनिंग अँड इकॉनॉमिक पॉलिसी इन इंडिया' हा लेखसंग्रह आणि १९६७ चा 'प्लॅनिंग विदाउट अ पॉलिसी फ्रेम' हा लेख एकत्र वाचले असता त्यांचा युक्तिवाद स्पष्ट होतो. सरकारने कोठे किती पैसा घालावयाचा याची यादी केली, एवढ्याने नियोजन होत नाही. धान्याचे भाव, मजुरी, नफा, पतपुरवठा आणि वाटप यांविषयी परस्परांशी सुसंगत असे धोरण त्या यादीमागे हवे. ते नसेल तर गुंतवणूक सरकारची होते आणि तिचे फळ ज्याच्या हाती साठा व भांडवल आहे त्याच्या पदरात पडते. ही टीका नियोजनाच्या विरोधकाची नव्हे. नियोजन अर्धवट झाले याचे दुःख असणाऱ्याची आहे. त्यांच्या गद्यात अलंकार नाहीत, क्वचित रुक्षपणाही जाणवतो. पण कोणतेही वाक्य जबाबदारी टाळण्यासाठी लिहिलेले नसते.

या कसोटीचे सामर्थ्य आम्हांस आमच्याच गावी पडताळता येते. १९५५ साली द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योगांच्या रक्षणार्थ गिरण्यांच्या विस्तारास आळा घालावा असे सुचविले, आणि १९५६ च्या धोरणाने गिरण्यांतील मागांची संख्या गोठविली. हेतू हातमाग जगावा हा होता. परंतु कापडाची मागणी वाढत होती, आणि करांतील सवलतीचा लाभ लहान मागास होता. मधली मोकळी जागा यंत्रमागाने भरून काढली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि आमचे बुऱ्हाणपूर येथे घरोघरी जो खडखडाट ऐकू येतो, तो कोणत्याही योजनेत लिहिलेला नव्हता. १९०६ ची आमची ताप्ती मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेली. हातमाग मागे पडला. यंत्रमाग मात्र राहिला. भाव एक सांगत होते आणि योजना दुसरेच सांगत होती. माणसांनी भावांचे ऐकले.

दुसरे उदाहरण जवळच्या नेपानगरचे. १९४७ साली खासगी कंपनी म्हणून निघालेली ही कागद गिरणी १९४९ मध्ये प्रांतिक सरकारने हाती घेतली आणि एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्रास अर्पण केली. वृत्तपत्री कागदाची ही देशातील पहिली गिरणी. कागदाचे वाटप कोट्याने होत असे, त्यामुळे गिऱ्हाईक ठरलेले होते. आयातीची दारे उघडल्यावर गिरणीची ओढाताण झाली. २०१६ मध्ये उत्पादन थांबले आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. वाटप ठरले होते, पण खर्च आणि किंमत यांचा मेळ घालण्याची सवय गिरणीस लावणारे धोरण नव्हते. लांगे यांच्या कल्पनेतील व्यवस्थापक आणि प्रत्यक्षातील सरकारी व्यवस्थापक यांतील अंतर येथे दिसते.

गाडगीळांचे स्वतःचे विधायक उत्तर सहकार हे होते. विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर त्यांनी उभारलेल्या प्रवरा कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात साखर काढली. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. सरकारच्या मालकीने सत्ता एकवटते, खासगी मालकीने संपत्ती एकवटते. सहकारात उत्पादकच मालक असल्याने निर्णय ज्ञान असेल तेथे राहतो. हायेक यांच्या आक्षेपास नकळत दिलेले हे उत्तर होय, असे आम्ही मानतो.

तथापि येथेच आमचा मतभेद आहे. हा सहकार परवाना, सरकारी भागभांडवल आणि नियंत्रित भाव यांच्या आधाराने वाढला. ज्या सत्तेपासून त्याने उत्पादकास मुक्त करावयाचे, तिच्याशीच त्याची नाळ जुळली, आणि पुढे कारखाना हेच राजकारणाचे केंद्र झाले. शिवाय सभासद कोण, या प्रश्नाची धार गाडगीळांना पुरेशी जाणवली नाही. ऊस लावणारा मालक झाला. ऊस तोडणारा फडावर परकाच राहिला. संस्था नीट रचली म्हणजे माणसे नीट वागतील, हा त्यांचा विश्वास त्यांच्या काटेकोर बुद्धीस न शोभण्याइतका भाबडा होता.

१९५८ च्या अहमदाबाद येथील व्याख्यानात त्यांनी नियोजन मंडळावर टीका केली होती : तेथे मंत्री बसतात, कारभारात गुंततात, आणि तज्ज्ञांची स्वतंत्र सल्लागार संस्था हे मंडळाचे स्वरूप लोपते. १९६७ मध्ये त्याच मंडळाच्या उपाध्यक्षपदी त्यांना बसावे लागले. राज्यांना केंद्राचे साहाय्य मर्जीने न मिळता लोकसंख्या, दरडोई उत्पन्न इत्यादी जाहीर निकषांनी मिळावे, हे सूत्र त्यांनी चौथ्या योजनेसाठी (१९६९-७४) मान्य करून घेतले. लोकसंख्येस त्यात साठ टक्के महत्त्व होते. निर्णय कोणत्या नियमाने झाला हे सर्वांस कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह त्या सूत्रात उतरला. भावांच्या धोरणाची चौकट मात्र त्यांनाही उभारता आली नाही. टीकाकार पदावर बसला म्हणजे त्याची टीका खोटी ठरत नाही; ती किती खोल होती हे तेव्हा कळते.

१ जानेवारी २०१५ रोजी नियोजन मंडळाची जागा नीती आयोगाने घेतली. मंडळ गेले म्हणून त्याने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न गेला, असे समजण्याची चूक आम्हा शिक्षकांकडून तरी होऊ नये. त्या मुलास आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले की, सुताचा भाव कापसाच्या पिकाने, साठेवाल्याने, सरकारच्या कराने आणि दूरच्या बाजाराने मिळून ठरतो. तुझ्या वडिलांचा त्यात फारसा हात नाही. "मग त्यांचा हात कसा लागेल?" असे त्याने विचारले. त्यावर आम्ही त्यास गाडगीळांचे नाव सांगितले. त्यांच्या निवडक लेखांचा सटीप मराठी संग्रह शाळा-महाविद्यालयांच्या हाती देण्याचे काम अकादमीने अंगावर घ्यावे, एवढीच आमची सूचना आहे.