सहाध्यायी-मूल्यमापन आणि 'गुण'

मराठीत 'गुण' हा शब्द अनेक कामे करतो. गुणपत्रिकेतील आकडा तो गुण, माणसाच्या ठिकाणचा चांगुलपणा तोही गुण. औषधाने गुण येतो, आणि एखाद्या वैद्याच्या हाताला गुण असतो. बोलताना या अर्थांचा घोटाळा होत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी परस्परांच्या केलेल्या मूल्यमापनाविषयीच्या संशोधनात मात्र तो वारंवार झालेला आढळतो.

या संशोधनाची रूढ रीत अशी की, सहाध्यायांनी दिलेले गुण अध्यापकांनी दिलेल्या गुणांशेजारी मांडावयाचे व दोहोंचा सहसंबंध काढावयाचा. फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच यांनी २००० साली उच्च शिक्षणातील अशा ४८ अभ्यासांचा एकत्रित परामर्श घेतला. सरासरी सहसंबंध ०.६९ भरला. आकडा लहान नव्हे. परंतु त्यांचाच दुसरा निष्कर्ष अधिक विचारणीय आहे. शैक्षणिक कामाविषयी अध्यापक व सहाध्यायी यांचे मत जितके जुळते, तितके प्रत्यक्ष व्यावसायिक कामाविषयी जुळत नाही. म्हणून अशा कामात सहाध्यायांचे मत कमी विश्वसनीय, असा अर्थ सहज काढला जातो. तो घाईचा आहे. मते जुळली तर सहाध्यायांना विचारण्याचे प्रयोजन काय? आणि न जुळली तर चूक त्यांचीच, हे कशावरून?

वरसावे येथे घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. तेथे अपघातात सापडलेला मनुष्य मध्यरात्री एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणला, अशी कल्पना करावी. त्याच्यापाशी प्रथम पोचणारा बहुधा आंतरवासी असतो. त्याने वरिष्ठांना वेळेवर उठविले की संकोचाने थांबला, नातेवाइकांशी दोन सरळ वाक्ये बोलला की इंग्रजी संज्ञांच्या आड गेला, न मोजलेली नाडी कागदावर उतरविली काय, हे शेजारच्या सोबत्याला ठाऊक असते. प्राध्यापक सकाळी येतात.

ही माहिती क्षुल्लक नव्हे. पापाडाकिस व सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकेत शिस्तभंगाची कारवाई झालेल्या २३५ डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतील नोंदी तपासल्या. विद्यार्थी असतानाच्या अनुचित वर्तनाचा पुढील कारवाईशी जो संबंध दिसला, तो पहिल्या दोन वर्षांतील कमी गुणांच्या संबंधाहून ठळक होता. अर्थात् त्या नोंदी संस्थांच्या होत्या, सहाध्यायांच्या नव्हेत. तेवढ्यावरून सहाध्यायांची बाजू सिद्ध होत नाही.

उलट बाजूही आहे. पदव्युत्तर जागांसाठी जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, त्यांनीच एकमेकांना गुण द्यावयाचे म्हटल्यावर दोस्तीचे गुण आणि हेव्याचे गुण दोन्ही येणार. पण हा दोष मताचा की ते आकड्यात मागण्याचा? वसतिगृहात 'व्यावसायिक वृत्ती, पाचपैकी चार' असे कोणी बोलत नाही; 'रात्री त्याच्यावर विसंबता येते' असे बोलतात. क्युबनी यांनी १९५७ सालीच वैद्यकीय शिक्षणाच्या संशोधनात गुणांऐवजी सहाध्यायांकडून नावे मागण्याची पद्धत अवलंबिली होती. तिच्याकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे.

२०१९ पासून भारतातील एम. बी. बी. एस. अभ्यासक्रमात अभिवृत्ती, नीती व संवाद यांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तेथे सहाध्यायांचे मत घ्यावयाचे झाल्यास प्रश्न साधा असावा: तुमचा भाऊ आज रात्री दाखल असता, तर वर्गातील कोणाला बोलावले असते? आणि उत्तराची बेरीज गुणपत्रिकेत करू नये.