हशाची जागा

गाण्यात 'जागा' असते आणि विनोदातही 'जागा' असते. गवयाने एखाद्या स्वराशी अशी काही सलगी केली की बैठकीतला जाणता म्हणतो, 'काय जागा घेतली!' आणि मुरलेला नट तालमीत नवख्याला बजावतो, 'ही हशाची जागा आहे. येथे घाई करू नकोस.' एकच शब्द दोन्ही धंद्यांत रुळावा हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ही जागा संहितेत लिहिलेली नसते. ती बोलणारा आणि ऐकणारा यांच्या मधे कोठेतरी असते, आणि काल सापडली तेथेच आज सापडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. दूरचित्रवाणीवरच्या विनोदाचा विचार करावयाचा तर मी या शब्दापासूनच सुरुवात करीन. त्या जागेचा धनी कोण, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम आपल्या घरचे उदाहरण घेऊ. मोलिएरचे फ्रेंच प्रहसन १६६० चे. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' हे इंग्रजी नाटक रचले, आणि त्यावरून देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक लिहिले. त्यात पदे नव्हती. ती आली १९१६ साली, गंधर्व नाटक मंडळीसाठी, देवलांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी. आणि 'संगीत संशयकल्लोळ' जन्माला आले. विनोद स्वतःच्या पायांवर धडधाकट उभा असताना गाण्यांनी त्यात भर ती कोणती टाकली? श्रोत्यांची चैन झाली, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. रेवतीच्या हातून तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि नेमकी तिच्या हातात असताना फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. गद्यात या घटना एकमेकींच्या पायांत पाय घालीत येतात. पदाने त्यांच्या मधे अवकाश केला. रेवती गात असते तेव्हा तिकडे फाल्गुनरावाच्या डोक्यात संशय मंद आचेवर शिजतो आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. गाणे संपून तो तोंड उघडतो, तोवर हशा निम्मा तयार झालेला असतो. संशयाला पिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ पदांनी दिला.

या जागांचा अतिरेकही आपणच केला, हे मात्र कबूल केले पाहिजे. वन्स मोअरच्या मागे लागून नाटकाची मैफल झाली. नायिका एकच पद आळवून आळवून गाते आहे आणि समोरचे पात्र दाराच्या खांबासारखे उभे आहे, असा प्रकार. बालगंधर्वांच्या गळ्याची थोरवी कोण नाकारील? पण त्या थोरवीखाली कित्येक विनोदी प्रवेश चिरडले गेले असतील, असे म्हटले तर रसिकांनी रागावू नये. १९६४ च्या 'मत्स्यगंधा' नाटकात अभिषेकींनी पदांना आवर घातला, त्यांना नाटकाच्या मापाचे केले. ते वेळीच झाले.

गाणे आणि हशा यांची गाठ याहूनही घट्ट कोठे बसली असेल तर ती जुन्या कार्टूनमध्ये. हे वाचून एखादा नाट्यप्रेमी कपाळाला आठी घालील. पण 'टॉम अँड जेरी' मुलांच्या स्वाधीन करून आपण मोठ्यांनी आपले नुकसान करून घेतले आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ या काळात एमजीएमसाठी असे ११४ लघुपट केले. तेही चित्रगृहातल्या गर्दीसाठी, घरच्या पडद्यासाठी नव्हे. संगीत बहुतेक सगळे स्कॉट ब्रॅडलीचे. साध्या चित्रपटात चित्रण आधी आणि पार्श्वसंगीत मागाहून. येथे लय आधी. मांजराचे पाऊल कितव्या मात्रेवर पडावयाचे, डोक्यात तवा कितव्या मात्रेवर बसावयाचा, याचा हिशेब हजारो चित्रे काढण्यापूर्वी कागदावर मांडलेला असे. म्हणजे समेवर यायचे ते तव्याने!

'द कॅट कॉन्सर्टो' हा ऑस्कर मिळवलेला लघुपट पाहावा. टॉम झोकदार पोशाख करून लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी पियानोवर वाजवायला बसला आहे, आणि जेरीचे बिऱ्हाड नेमके त्या पियानोच्या आत. उंदराने काय वाटेल ते केले तरी टॉम वादन मोडत नाही. बोटे चेचली जातात, पण चेहऱ्यावरचा उस्तादी तोरा ढळत नाही. पेटीवाल्याने सूर चुकवला तरी मिशांना ताव देत पद रेटणारा आपला संगीत नट ज्याने पाहिला आहे त्याला हे मांजर परके वाटणार नाही. आणि या सात-आठ मिनिटांत शब्द जवळजवळ नाही, कोणी 'आता हसा' म्हणून सुचवीतही नाही.

पुढची हकीकत मात्र उद्बोधक आहे. १९५७ मध्ये एमजीएमने हा विभाग बंद करायचे ठरवले आणि हीच जोडी दूरचित्रवाणीकडे वळली. १९६० पासून त्यांचे 'द फ्लिंटस्टोन्स' सुरू झाले. पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा; म्हणून चित्रे कमी झाली, पात्र धावू लागले की मागचे तेच झाड पुन्हा पुन्हा येऊ लागले, हालचालीचे काम बोलण्यावर सोपवले गेले. आणि पाठीमागे तयार हशा आला. चार्ल्स डग्लस नावाच्या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने हशाचे यंत्र त्याच्या काही वर्षे आधीच सिद्ध केले होते. कळ दाबली की खोखो, दुसरी दाबली की नुसती खसखस. चित्रांना हसायला माणसे कोठून जमली, हा प्रश्न कोणाला पडला नाही. कर्ते तेच होते. जागा मात्र यंत्राच्या नावावर चढली. घरात एकटा बसलेला माणूस हसायला बिचकतो, त्याला सोबत हवी, हे या यंत्राचे समर्थन अगदीच पोकळ नाही. परंतु सोबत करणारा आणि हात धरून ओढणारा यांत फरक आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. त्या पहिल्या दशकातले 'चिमणराव-गुंड्याभाऊ' आजही लोकांच्या बोलण्यात येते, ते दिलीप प्रभावळकरांच्या बावरलेल्या चेहऱ्यामुळे नि बाळ कर्व्यांच्या दांडगेपणामुळे. चि. वि. जोशींचा विनोद मुळातच माणसाच्या फजितीला सवड देणारा. आजच्या 'चला हवा येऊ द्या' किंवा 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमांतले नट मला कमी प्रतीचे वाटत नाहीत. त्यांतले कित्येक एकांकिकांच्या मुशीतून आलेले, काही तर आमच्या कोकणातले. अंगात लय आहे, जिभेला धार आहे. माझी तक्रार कॅमेऱ्याविषयी आहे. वाक्य पडताच तो समोर खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांकडे वळतो आणि हसणारे तोंड दाखवतो. नटाच्या चेहऱ्यावर पुढे काय उमटले ते आपल्याला दिसतच नाही. खरी जागा तेथे होती.

बोलीचेही तेच. आमचे हेल काढून कोणी बोलले की त्यावरच हशा ठेवलेला असतो. म्हणजे तो काय बोलला यापेक्षा कसा बोलला हाच विनोद. पु. लं.चा अंतू बर्वा याच रत्नागिरीचा. त्याच्या हेलाला आपण हसत नाही. दारिद्र्य आणि एकटेपणा तो ज्या तिरकसपणाखाली झाकतो त्याला हसतो, आणि हसता हसता गप्प होतो. १९८० च्या 'वस्त्रहरण'मध्ये मालवणीने भरजरी पौराणिक नाटकाचीच टोपी उडवली. 'ती फुलराणी'त बोलीतली मुलगी प्रोफेसराला पुरते ओळखून आहे. तिन्ही ठिकाणी बोली हसवणाऱ्याच्या हाती आहे.

येथे मी मास्तर म्हणून बोलतो. स्नेहसंमेलनात मुले हल्ली दूरचित्रवाणीवरची प्रहसने जशीच्या तशी करतात, पाठांतर वाखाणण्यासारखे. पण मूळ कार्यक्रमात जेथे हशा वाजला होता तेथे ती थांबतात. सभागृह गप्प असले तरी तेवढेच क्षण थांबतात. आणि सभागृह दुसऱ्याच एखाद्या वाक्याला हसले तर त्या हशावरून पुढचे वाक्य बोलून मोकळी होतात. समोर माणसे बसली आहेत याची त्यांच्या लेखी नोंदच नाही. प्रहसने वाईट असती तर मला इतके लागले नसते.

आमच्या सावरकर नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग झाले आहेत, तेथे मी उलट दृश्य पाहिले. स्पर्धेला वेळेचे बंधन असते, वन्स मोअर आला तरी घेण्याची सोय नसते. तरीही टाळी पडली की गाणारी मुलगी क्षणभर थबकते, तबलजी तिच्याकडे पाहतो, मग दोघे पुढे जातात. सभागृहात पांढरी डोकी पुष्कळ, हे खरे.

संमेलनात यंत्रासारखा थांबणारा त्यांतलाच एक मुलगा शिमग्यानंतर त्याच्या वाडीच्या नमनात संकासूर होऊन आला. संकासुराला पाठ केलेले असे थोडेच असते. एका म्हातारीने पुढच्या रांगेतून त्याला काहीतरी सुनावले, माणसे हसली, आणि तो थांबला. हशा ओसरेपर्यंत थांबला. मग मृदंगवाल्याकडे पाहिले, मृदंगवाल्याने एक थाप जास्त दिली, आणि पोराने म्हातारीचेच वाक्य तिच्याच सुरात तिला परत केले. वग उभा राहायला त्या रात्री पाव तास उशीर झाला.