जिरलेलं पाणी कोणत्या बाजूला लिहायचं?

मंडळी, नगरजवळच्या हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, जिरला किती, वाहून किती गेला. तिथे जिरलेलं पाणी जमेच्या बाजूला. शहराच्या पर्जन्यजल वाहिन्यांचं मॉडेल उघडा, तेच पाणी तिथे 'लॉस' म्हणून लिहिलेलं असतं. शब्दावरून आम्ही भांडत नाही. गटार आखणाऱ्याने गटारात न येणारं पाणी वजाच करायचं असतं. पण ती वजाबाकी कशी होते, ते तपासण्यासारखं आहे.

मुंबईचंच घेऊ. जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पाऊस आणि 0.5 अपधाव गुणांक धरून आखलेल्या. म्हणजे निम्मं पाणी जिरणार, खळग्यांत साचणार, गटारापर्यंत येणारच नाही, असा हिशोब. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने पाऊस 50 धरला आणि गुणांक 1. आपण सहज म्हणून जातो, 'दुप्पट केलं.' दुप्पट नव्हे हो, चौपट! 25 चे निम्मे साडेबारा, 50 चे पूर्ण पन्नास. पावसाचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. गुणांकाने तेवढीच वाढ केली, त्याचं नावही कोणी घेत नाही.

गुणांक 1 का? शहरात उघडी माती उरली किती, आणि जी उरली ती जुलैत भिजून चिंब. पाइपाचा आकार ठरवण्यापुरतं आम्ही याला नावं ठेवणार नाही. कमी धरून फसण्यापेक्षा जास्त धरलेलं बरं. आमची तक्रार पुढची आहे. गुणांक 1 धरला की मैदान आणि सिमेंटचं पार्किंग हिशोबात सारखेच. उद्या मैदानावर फरसबंदी झाली तरी तक्त्यातला एकही आकडा हलणार नाही. सुरक्षित म्हणून घेतलेला आकडा मोकळ्या जमिनीची किंमत शून्य करून बसतो. मग मैदान वाचवा म्हणणाऱ्याच्या हातात काय उरलं?

1971 पासून वापरात असलेलं अमेरिकेचं एस.डब्ल्यू.एम.एम. हे मॉडेल हा फरक पुसत नाही. फरसबंद भाग वेगळा, मातीचा वेगळा. खळग्यांत अडणारं पाणी फरशीवर साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर, हिरवळीवर अडीच ते पाच. पाच मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. एका हेक्टरवर ते पन्नास हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. जिरणारं पाणी याशिवाय. (बाष्पीभवनाचं सोडा, दोन तासांच्या सरीत ते नगण्यच.)

पण हत्यार चांगलं म्हणून काम चांगलं, असं नाही. मॉडेल शेवटी जमा-खर्चातला फरक छापतं; तो अर्धा टक्का आला की अहवालात 'मॉडेल विश्वासार्ह' असं लिहून मोकळे. अहो, वाण्याच्या वहीत खोटी उधारी मांडली तरी बेरीज जुळतेच! तो फरक फक्त गणित तपासतो, माती नाही. हॉर्टनच्या सूत्रात कोरडी जमीन सुरुवातीला भराभर पाणी पिते, मग वेग घटत एका पातळीवर थांबतो. जुलैच्या मुसळधार सरीचं मॉडेल कोरड्या जमिनीपासून सुरू केलं, तर कागदावर माती नको तेवढं पाणी पिते आणि रस्ते कोरडे दिसतात. मॉडेल 1 जूनपासून सलग चालवावं, म्हणजे कालच्या पावसाने भिजलेली माती आजच्या हिशोबात भिजलेलीच राहील. तेव्हा मैदानाचा वाटाही खरा निघेल, फुगवलेला नाही आणि शून्यही नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला. त्या दिवशी मैदान काय नि गच्ची काय, हे आम्ही मान्य करतो. पण दरवर्षी तीन-चारदा गुडघाभर पाणी भरतं ते अशा दिवसाने नव्हे, साध्याच जोरदार सरींनी. तेव्हा पुढचा अहवाल हरकतींसाठी येईल, त्यात जमीन किती भिजलेली धरली आणि मैदानाला कोणता आकडा दिला, ते आधी बघा. ते पान बहुधा मागे परिशिष्टात असतं.