‘पारंपरिक’ ठुमरी रचली कुणी?

पुण्या-मुंबईच्या ठुमरी-दादऱ्याच्या मैफलींत हल्ली निवेदन एकाच साच्यातून निघतं. ख्यालाची बंदिश असली की रचनाकाराचं नाव आदराने घेतलं जातं, बंदिशीत गुंफलेली त्याची मुद्रा, म्हणजे टोपणनावही, उलगडून सांगितली जाते. ठुमरीची पाळी आली की ‘आता एक पारंपरिक बनारसी ठुमरी’ एवढं म्हणून निवेदक बाजूला होतो. ध्वनिमुद्रणांवरही संगीतकाराच्या जागी बहुधा तोच शब्द असतो. ठुमरीच्या या पूरब अंगाला पुन्हा श्रोते मिळताहेत, तरुण गायिका त्याची मेहनत घेताहेत, हे आनंदाचंच आहे. म्हणूनच हा शब्द आता सहन होत नाही.

ठुमरीच्या इतिहासात नावं नाहीत असं नाही. सनदपिया, कदरपिया, ललनपिया यांच्या बंदिशी मुद्रेसकट जपल्या गेल्या. ही सगळी पुरुषांची नावं. हार्मोनियमवर ठुमरीला नवं वळण देणारे भैया गणपतराव हे ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले. ‘सुघरपिया’ ही त्यांची मुद्रा जाणकारांना ठाऊक असते. त्यांच्या आई चंद्रभागाबाई स्वतः गायिका होत्या. मुलाची नोंद रचनाकार म्हणून झाली, आईची फक्त त्याची आई म्हणून.

बनारसची बोलबनावाची ठुमरी या हिशोबात बसत नाही, कारण तिथे रचना शब्दांत संपत नाही. एक ओळ, फार तर दोन. दीपचंदी किंवा जत ताल संथ चाललेला. गायिका एखादा साधा शब्द घेते, पहिल्यांदा तो विचारणा म्हणून लावते, मग तक्रार म्हणून, मग हट्ट म्हणून. भैरवीत कोमल रिषभावर क्षणभर थबकते आणि तोच शब्द विनवणीचा होतो. शेवटी लग्गी सुरू झाली की तबला मोकळा सुटतो आणि गायिका मुखडा धरून उभी राहते. रसूलनबाईंच्या जुन्या तबकड्या ऐकाव्यात. तीन-साडेतीन मिनिटांची मर्यादा, आवाजाला किंचित खरखर, त्यात टप्प्याचे दाणे असे पेरलेले की ओळ तुटत नाही, नुसती थरथरते. ओळ कुणाचीही असो, हा थरथराट रसूलनबाईंनी रचलेला आहे.

त्यांचा जन्म 1902चा, मिर्झापूरकडच्या कछवा बाजारचा. गुरू शम्मू खाँ. 1957 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 1969च्या दंगलीत अहमदाबादचं राहतं घर जळालं. पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी मंदिरात रियाजाला जाणारा एक मुलगा रसूलनबाई आणि त्यांची बहीण बतूलनबाई यांचं गाणं कानावर पडावं म्हणून मुद्दाम त्यांच्या घरावरून जात असे. तो मुलगा पुढे उस्ताद बिस्मिल्ला खाँ झाला. गाण्याची ओढ या दोघींमुळे लागली, असं ते उघडपणे सांगत. त्यांना 2001 साली भारतरत्न मिळालं. बतूलनबाईंचं नाव आज किती गायकांना माहीत आहे?

स्वातंत्र्याच्या आसपास आकाशवाणीने ‘चारित्र्या’च्या कसोटीवर कोठीवर गाणाऱ्या अनेक तवायफ गायिकांना दार बंद केलं. कोठी उठल्या, नावांतल्या ‘बाई’च्या ‘देवी’ झाल्या, कुणी गाणंच सोडलं. सिद्धेश्वरी देवींनी (1908-1977) या पडझडीतूनही आपला आवाज राखला. दिग्दर्शक मणि कौल यांना 1989 साली त्यांच्यावर चित्रपट करावासा वाटला. गिरिजा देवी तवायफांच्या घरातल्या नव्हत्या. 1949 साली अलाहाबाद आकाशवाणीवरून सुरुवात करून त्यांनी ठुमरी, कजरी, चैती, होरी यांना देशभरच्या सभागृहांत मानाची जागा दिली. हे काम फार मोठं आहे. पण ‘बनारसी ठुमरी म्हणजे गिरिजा देवी’ एवढंच जे सांगतात, ते त्यांच्या आधीच्या हुस्नाबाई, विद्याधरीबाई, राजेश्वरीबाई, बडी मोतीबाई या सगळ्यांना पुसून टाकतात.

तवायफांवरच्या 2024 सालच्या ‘हीरामंडी’ या मालिकेत झुंबरं आणि दागिने आहेत, गाणाऱ्या बाईची बुद्धी नाही. गिटारवर चढवलेल्या फ्यूजन ठुमरीत बोलबनावाला उसंतच मिळत नाही. दोन्हींवर अधिक शब्द नकोत. तवायफांच्या एका घराण्याची कहाणी सांगणारं सबा दीवान यांचं ‘तवायफनामा’ (2019) मात्र वाचायलाच हवं.

महाराष्ट्राने याबाबतीत स्वतःला शहाणं समजू नये. हिराबाई पेडणेकरांनी 1912 साली रंगभूमीवर आलेलं ‘संगीत दामिनी’ हे नाटक लिहिलं. तरी नाट्यसंगीताच्या गप्पांत त्यांची आठवण क्वचितच निघते. पुढे किशोरी आमोणकर, प्रभा अत्रे, अश्विनी भिडे-देशपांडे यांनी स्वतःच्या बंदिशी बांधल्या. अत्रे आणि भिडे-देशपांडे यांनी त्या आपल्या नावाने छापल्याही. भिडे-देशपांडे यांची ‘रागरचनांजली’ हाती घेतली की कळतं, नाव लिहिल्याने परंपरेचं काहीही बिघडत नाही. मग हा न्याय ख्यालापुरताच का?

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: ओळी लोकगीतांतून आल्या, चाली तोंडोतोंडी फिरल्या, एकीचं नाव कसं घालणार? ओळींपुरतं ते मान्य. पण ख्यालाच्या कित्येक बंदिशींचे शब्दही असेच फिरत आलेले आहेत आणि तिथे घराणं, गुरू, मुद्रा शोधण्यासाठी पोथ्या उघडल्या जातात. एका गायिकेने एका तबकडीवर एका ओळीला दिलेली बढत आज जशीच्या तशी उचलून गायली जाते. जागा तिच्या, श्वास घेण्याची ठिकाणंही तिचीच. ही बढत एखाद्या पुरुषाची असती तर तिला ‘अमुकांची गायकी’ म्हटलं असतं आणि शिष्यांनी ती नावानिशी मिरवली असती. ती कोठीवर घडली, म्हणून ती ‘पारंपरिक’ ठरली. हा नुसता विसराळूपणा असता तर निदान एखादवेळी एखाद्या उस्तादाचंही नाव त्यात गळलं असतं.

बनारसच्या ज्या दालमंडीत एकेकाळी या गायिकांच्या कोठी होत्या, तिथे पुढे मोबाइलच्या सुट्या भागांची आणि लग्नाच्या सामानाची दुकानं आली. ते गाणं आता तबकड्यांत आहे आणि शिष्यांच्या गळ्यांत. तेव्हा पुढच्या मैफलीत पूरब अंगाची ठुमरी गाणाऱ्यांनी ती कुणाकडून उचलली ते व्यासपीठावरून सांगावं: ही बढत रसूलनबाईंची, ही जागा सिद्धेश्वरी देवींची. आणि निवेदक ‘पारंपरिक’ म्हणाला, तर श्रोत्यांनी मध्यंतरात जाऊन त्याला नाव विचारावं.