हॉर्नची कळ आणि घाटातले वळण

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावे खाली पूर्णेच्या खोऱ्यात आहेत. त्यामुळे बुलढाण्याहून मलकापूरला जायचे तर राजूर घाट उतरावा लागतो आणि खामगावला जायचे तर बोथा घाट. मोटारीच्या स्टिअरिंगवर हॉर्नची कळ नेमकी कोठे असावी, हा प्रश्न सपाटीवर अगदी क्षुल्लक वाटेल. घाटात मात्र तो भूमितीचा प्रश्न होतो. आणि बऱ्याच गाड्यांमध्ये तो चुकीच्या पद्धतीने सोडवलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हॉर्न हवाच कशाला, ते पाहू. वळणाच्या पलीकडून येणारी गाडी आपल्याला दिसत नाही, कारण प्रकाशाची तरंगलांबी इतकी सूक्ष्म आहे की डोंगराच्या कडेला तो वळत नाही असेच म्हणावे लागते. ध्वनीचे तसे नाही. हॉर्नची वारंवारता सुमारे 400 हर्ट्झ धरली आणि हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला 340 मीटर घेतला, तर तरंगलांबी 0.85 मीटर येते. हातभर लांबीच्या या लाटा खडकाच्या कोपऱ्यावरून वळून पलीकडे पोहोचतात, समोरच्या कड्यावर आपटून परतही येतात. म्हणून दिवसा घाटात हॉर्न हा डोळ्यांना पर्याय आहे. (रात्री हेडलाइटचा उजेड समोरच्या कड्यावर, झाडांवर पडतो आणि गाडीच्या आधी तिची वर्दी देतो, तेव्हा हॉर्नची गरज बरीच कमी होते.)

म्हणजे हॉर्नची खरी गरज वळणावर आहे, आणि वळणावर स्टिअरिंग फिरलेले असते. किती फिरलेले? मुलांकडून सहज करवून घेता येईल असे हे गणित आहे. लहान मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर सुमारे 2.4 मीटर असते. घाटातील अगदी आखूड वळणाची त्रिज्या 12 मीटर धरू. मग पुढची चाके किती कोनात वळवावी लागतील? 2.4 भागिले 12 म्हणजे 0.2 हे त्या कोनाचे टॅन्जंट, आणि कोन सुमारे 11 अंश. स्टिअरिंग साधारण 16 अंश फिरवले की चाके 1 अंश वळतात, असे दात्यांचे गुणोत्तर धरले, तर स्टिअरिंग जवळजवळ 180 अंश, म्हणजे बरोबर अर्धा फेरा फिरवावे लागेल.

आता विचार करा. हॉर्नची कळ स्टिअरिंगच्या उजव्या आरीवर, उजव्या अंगठ्याजवळ आहे. वळणाच्या मध्यावर ती कोठे गेली? डाव्या बाजूला, आणि तीही उलटी होऊन. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात त्याप्रमाणे चालक एका हाताने चाक ओढून दुसऱ्या हाताने सरकवत असेल, तर त्याचे हात आपापल्या बाजूलाच राहतात आणि कळ तेवढी हातातून निघून जाते. समोर अचानक ट्रकचे तोंड दिसल्यावर त्याने कळ शोधायची कशी? याउलट पूर्णा खोऱ्यातल्या महामार्गावर 200 मीटर त्रिज्येच्या वळणाला हेच गणित केले तर स्टिअरिंग जेमतेम 11 अंश फिरते. तेथे कळ अंगठ्याखालून हलतसुद्धा नाही. आरीवरची कळ ही सरळ रस्त्याची सोय आहे, ती यामुळेच.

फिरत्या चाकावर न हलणारी जागा एकच, ती म्हणजे आसाची. स्टिअरिंग कितीही फिरवा, मध्य तेथेच राहतो. जुन्या मोटारींमध्ये हॉर्नचे बटण बरोबर मध्यभागी असे, त्याचे एक कारण साधे होते: वायर स्टिअरिंगच्या पोकळ दांड्यातून वर आणणे सोपे जाई. त्या काळच्या कारागिरांनी घाटाचा विचार केला होता असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या हातून जागा मात्र नेमकी निवडली गेली. पुढे हॉर्नची कडी आली. प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत बसलेल्या अनेकांना स्टिअरिंगच्या आत बसवलेली ती चकचकीत कडी आठवत असेल. हात घेरावर असतानाच बोटांनी ती दाबता येई. काही युरोपीय कंपन्यांनी हॉर्न इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला दिला. दांडी स्टिअरिंगबरोबर फिरत नाही, हा तिचा गुण. पण संकटात माणसाचा हात दांडीकडे जात नाही, आणि गाडी बदलली की घोटाळा होतो. आपल्याकडे जपानी वळणाच्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते आणि युरोपीय वळणाच्या गाड्यांत डावीकडे. उसनी गाडी घेऊन निघालेल्याने इंडिकेटरऐवजी वायपर चालू केलेला आपण सर्वांनी पाहिला असेल. वायपरची चूक हसून सोडता येते, हॉर्नची नाही.

मग मध्यभाग इतका योग्य असताना कळ आरीवर गेली कशी? त्याला एअरबॅग कारणीभूत झाली. 1990 च्या सुमारास चालकासमोरची एअरबॅग सर्रास येऊ लागली, आणि तिची घडी घालून ठेवायला जागा मिळाली ती स्टिअरिंगच्या मध्यभागीच. तेव्हा अनेक कारखानदारांनी हॉर्नला तेथून उठवून आऱ्यांवर छोट्या कळा दिल्या. नंतर सबंध एअरबॅगची पेटीच स्प्रिंगांवर तरंगती बसवण्याची युक्ती निघाली. पेटी दाबली की तिच्याखालचे संपर्क जुळतात आणि हॉर्न वाजतो. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे आजच्या बहुतेक गाड्यांत हीच तरंगती पेटी आढळते.

ही युक्ती मला पसंत आहे, पण तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली दाबाची. पेटी तीन-चार स्प्रिंगांवर टेकलेली असते. तुम्ही कडेला, एखाद्या स्प्रिंगजवळ दाबले तर सगळा जोर त्या एकीवर येतो आणि संपर्क लवकर जुळतो. बरोबर मध्यावर दाबले तर तोच जोर सगळ्या स्प्रिंगांत वाटला जातो आणि जास्त रेटावे लागते. म्हणजे घाईत हात जेथे पडणार, नेमके तेथेच हॉर्न जड लागतो! तराजू आणि तरफ शिकवणाऱ्या शिक्षकाला यात एक आयते उदाहरण मिळेल. बारीक हाडापेराच्या किंवा वयस्क चालकाला हा फरक चांगलाच जाणवतो. मध्याजवळ आणखी एक संपर्क देणे अशक्य नसावे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एअरबॅग सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात फुगते; पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. धडकेच्या क्षणी चालकाचा हात हॉर्न दाबण्यासाठी स्टिअरिंगवर आडवा असेल, तर ती त्याच हाताला जोराने भिरकावते. दोन्ही हात घेराच्या दोन बाजूंना, घड्याळाच्या 9 आणि 3 या आकड्यांच्या जागी ठेवावेत, असा सल्ला देण्यामागे हेही एक कारण आहे. म्हणजे हॉर्नला सर्वांत योग्य जागा ती हाताला सर्वांत धोक्याची जागा. या पेचावर मला पटलेला तोडगा जुन्या कडीच्या जातीचाच आहे: पेटीचा सबंध काठ, चारही बाजूंनी, अंगठ्याच्या टप्प्यात आणि हलक्या दाबाने वाजणारा हवा.

2004 साली सित्रोएन कंपनीने सी-4 या गाडीत निराळाच मार्ग काढला होता. तिच्या स्टिअरिंगचा फक्त घेर फिरे, मधला भाग कळांसकट स्थिर राही. भूमितीच्या दृष्टीने याहून स्वच्छ उत्तर मी पाहिलेले नाही. पण रचना गुंतागुंतीची होती, आणि पुढच्या पिढीच्या सी-4 मध्ये कंपनीने ती सोडून दिली. उलट टोकाचे उदाहरण टेस्लाचे. 2021 च्या मॉडेल एस गाडीत हॉर्नसाठी आरीवर स्पर्शाने चालणारी सपाट जागा दिली गेली, जी बोटाने चाचपून कळतही नाही. पुढे कंपनीला हॉर्न पुन्हा मध्यभागी आणावा लागला. युरोपातील एनकॅप या संस्थेने 2026 पासून वरच्या गुणांसाठी ज्या पाच गोष्टींना हाताला लागणारी खरीखुरी कळ किंवा दांडी मागितली आहे, त्यांत इंडिकेटर आणि वायपरबरोबर हॉर्नही आहे.

येथे कोणी म्हणेल, की आपल्याकडे आधीच हॉर्नचा सुळसुळाट आहे, तो वाजवणे थोडे अवघड असलेलेच बरे. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे व्यापारी वाहनांवर रंगवायला महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये बंदी घातली. विनाकारण हॉर्न वाजवल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी 1000 रुपये दंड आहे. शाळा, रुग्णालय व न्यायालयाभोवतीचा 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र धरला जातो. हे सारे योग्यच आहे. पण कळ आरीवर नेल्याने सवयीचा हॉर्न कमी होत नाही, उलट वाढतो. बाजारातून सरळ जाताना ज्याचा अंगठा कायम कळेवर टेकलेला आहे, त्याला ती कळ अगदी हाताशी आहे. अडचण होते ती घाटात खरोखर गरज पडलेल्या चालकाची. आरीवरची कळ नको त्या हॉर्नला सोपी आणि हव्या त्या हॉर्नला अवघड आहे. मोटारसायकलवर मात्र अंगठ्याची कळ शोभते, कारण तिची मूठ हातातून कधी सुटत नाही आणि हँडल फारसे फिरत नाही.

वर्गात हे पडताळून पाहायला एक जेवणाचे ताट पुरे. ताटाच्या मध्यावर एक आणि काठापासून चार बोटे आत दुसरी, अशा दोन बिंद्या चिकटवाव्यात. एका मुलाने डोळे मिटून ताट दोन्ही हातांनी धरावे, दुसऱ्याने ते हवे तेवढे फिरवावे, आणि ‘हॉर्न’ असे ओरडल्यावर पहिल्याने सांगितलेली बिंदी बोटाने गाठावी. तिसऱ्याने घड्याळात वेळ मोजावा. मधली बिंदी दर वेळी जवळपास सारख्याच वेळात सापडेल; दुसरीचा वेळ ताट किती फिरले यावर अवलंबून राहील. दोन्ही वेळांचा फरक अर्धा सेकंद आला असे समजू. ताशी 30 किलोमीटर वेगाने राजूर घाट उतरणारी गाडी तेवढ्यात 4 मीटर पुढे जाते. समोरून चढणारीही त्याच वेगात असेल, तर दोघांमधले अंतर 8 मीटरने घटलेले असते, आणि हॉर्न अजून वाजायचाच असतो.