सावली देणारा सांगाडा

लोखंडी नळ्या गाठींत जोडून त्रिकोणांचा सांगाडा उभारायचा आणि मध्ये एकही खांब न घेता मोठी जागा झाकायची, या रचनेला ‘स्पेस फ्रेम’ म्हणतात. दिल्लीच्या प्रगती मैदानावरच्या ‘हॉल ऑफ नेशन्स’मध्ये वास्तुकार राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांनी हा सांगाडा चक्क काँक्रीटमध्ये ओतला. निमित्त होतं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं आणि ‘एशिया ७२’ या व्यापार जत्रेचं. पोलाद दुर्मीळ आणि महाग होतं; सुतार, गवंडी आणि मजुरांचे हात मात्र भरपूर होते.

माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते या सांगाड्याच्या गाठींपाशी. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण आला की तडकतं; म्हणून तो ताण आतल्या सळयांनी घ्यायचा. सरळ तुळईत हे जमवणं सोपं. इथे चहूबाजूंनी तिरके आलेले दांडे एकाच ठिकाणी भेटतात, प्रत्येकाच्या सळया तिथे शिरतात, आणि त्या दाटीतून खडीला वाट काढावी लागते. तिरक्या साच्यात माल ठासून बसला नाही तर पोकळी राहते. फळ्या निघेपर्यंत ती दिसतही नाही. असं काम जागेवर, हातांनी झालं आणि ७८ मीटरचा गाळा खांबाविना पेलला गेला. साच्याची फळी चोख बसवणाऱ्या सुताराचं नाव इमारतीवर कुठे नसतं, पण ही इमारत जितकी अभियंत्याची, तितकीच त्याची.

पोलादाऐवजी काँक्रीट ही तडजोड होती, असं मला मुळीच वाटत नाही. पोलादाच्या बारीक नळ्यांनी दिल्लीचं ऊन अडलं नसतं. काँक्रीटचे दांडे जाड, सांगाडा खोल. त्यामुळे तोच भार पेलायचा आणि तोच सावली द्यायचा. आपल्याकडच्या जुन्या दगडी जाळ्या हेच करत. फरक एवढाच, की इथे जाळी भिंतीत बसवलेली नव्हती, तीच भिंत होती आणि तीच छप्पर. साहित्याचा जडपणा इतका कामी आलेली दुसरी इमारत मला आठवत नाही.

‘हॉल ऑफ नेशन्स’ची इमारत पाडायचं ठरलं, तेव्हा ती वाचवण्यासाठी वास्तुकार झगडले. वारसा ठरायला साठ वर्षं लागतात, असं उत्तर मिळालं. एप्रिल २०१७ मध्ये, एका रात्रीत, ती पाडली. तिची पंचेचाळिशीही पूर्ण झाली नव्हती.